बाटलीबाहेरचा समुद्र

खान्देशातल्या पोरापोरींना समुद्र पहिल्यांदा भेटतो तो बाटलीत. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये भिंतीला लागून एक लाकडी कपाट असतं. कपाटात काचेच्या बरण्या, बरण्यांत फॉर्मेलिन आणि फॉर्मेलिनमध्ये वर्षानुवर्षं बुडून पांढरा पडलेला तारामासा, समुद्रघोडा, जेलीफिश. बरणीवरच्या चिठ्ठीची शाई उडालेली. सर म्हणतात, ‘हा समुद्रात राहतो.’ आपण वहीत आकृती काढतो, भागांना नावं देतो, प्रॅक्टिकलला मार्क मिळवतो. पण हाच तारामासा ओल्या खडकावर चालतो कसा, शिंपला उघडतो कसा, हे विचारलं तर आपली बोलती बंद. मेलेला समुद्र आपल्याला पाठ आहे, जिवंत समुद्राशी ओळखच नाही.

म्हणून हिवाळा लागला आणि कँटीनमध्ये ‘मालवण’ हा शब्द फिरायला लागला की आम्हाला मनापासून आनंद होतो. जळगाव असो की धुळे, शिरपूर असो की चाळीसगाव, दर वर्षी हेच चित्र. कुणीतरी ग्रुप तयार करतं, पहिल्या दिवशी वीस जण ‘मी पक्का’ म्हणतात, आठवड्याने सात उरतात. मग प्रश्न सुरू होतात. ‘स्कूबाचे किती घेतात भो?’ ‘डॉल्फिन नक्की दिसतात ना?’ ‘किल्ल्यावर होडीने जायचं का? मग ते बेट आहे का?’

आहे. ते बेटच आहे. आणि आजचं हे संपादकीय त्याच बेटाबद्दल आणि त्याच्या आजूबाजूच्या पाण्याबद्दल आहे. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. समुद्र बघायला जाताय तर खरंच बघून या. स्वतः धडधाकट परत या. आणि तिथले जीवही धडधाकट राहतील असं वागून या. ऐकायला सोपं वाटतं, पण दर वर्षी यातलंच काहीतरी चुकतं.

आपला आणि समुद्राचा काय संबंध?

‘आपण कुठे समुद्रवाले, आपण केळी-कापूसवाले,’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. नकाशा काढून बघा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी आपल्या अंगणातून वाहत ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत तिला पूर्णा मिळते, वाघूर मिळते, गिरणा मिळते, अनेर मिळते, धुळ्यातून वाहत आलेली पांझराही मिळते. म्हणजे पांझरेच्या पुलावरून कुणी फेकलेली कॅरीबॅग चांगला पूर आला तर समुद्राच्या दिशेने निघालेली असते. उकाईच्या धरणात अडकली तर गोष्ट वेगळी. आपण किनाऱ्यापासून लांब राहतो हे खरं, पण समुद्राच्या वरच्या अंगाला राहतो, हेही तितकंच खरं.

इतिहासातही हा धागा आहे. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी रस्ता आपल्या नंदुरबार, थाळनेरवरून जायचा. समुद्रावरून आलेला माल बैलांच्या पाठीवरून खान्देश ओलांडून उत्तरेकडे निघायचा. त्याच सुरतेवर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत छापा घातला. आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या किनाऱ्यासमोरच्या कुरटे बेटावर एका जलदुर्गाचा पाया घातला गेला. आपण ज्याला सिंधुदुर्ग म्हणतो तो हा किल्ला.

कुरटे बेटावर

मालवणच्या जेट्टीवरून होडीत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत किल्ला येतो. येतो म्हणजे तट येतो, दरवाजा दिसतच नाही. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दोन बुरुजांच्या आड दडलेलं महाद्वार नजरेला पडत नाही. शत्रूच्या जहाजावरच्या माणसालाही ते पडू नये, हाच तर हेतू. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या या किल्ल्याची तटबंदी नागमोडी वळणं घेत जवळपास तीन किलोमीटर फिरते. आतलं क्षेत्र अठ्ठेचाळीस एकरांच्या आसपास. शेतकऱ्याच्या पोराला एकराचा अंदाज लगेच येतो, म्हणून मुद्दाम एकरात सांगितलं.

आत गेल्यावर बहुतेक ग्रुप शिवराजेश्वर मंदिर बघतात, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघतात, तटावर चढून फोटो काढतात आणि तासाभरात परतीच्या होडीच्या रांगेत उभे राहतात. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं हे मंदिर बघायलाच हवं. पण आम्ही म्हणतो, त्याआधी विहिरी बघा. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारही बाजूंना खारं पाणी, मध्ये खडकाचं बेट आणि त्या खडकात गोड पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत रांगेत हंडे लावलेल्या गावातल्या माणसाला या तीन विहिरींची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही. पाण्याशिवाय किल्ला म्हणजे नुसती भिंत. ते पाणी जिथे होतं तिथेच किल्ला उभा राहिला.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात सिंधुदुर्ग आहे आणि आपल्या शेजारच्या बागलाणातला साल्हेरही आहे. धुळ्याच्या मंडळींनो, एक समुद्रातला आणि एक सह्याद्रीतला, दोन्ही एका वर्षात बघायचा बेत आखता येईल. वारशाच्या भिंतीवर बदाम काढून नावं कोरायची असतील तर मात्र घरीच थांबा. तटाच्या दगडाला साडेतीनशे वर्षांत लाटांनी जेवढं खरवडलं नसेल तेवढं आपल्या चाव्यांनी दहा वर्षांत खरवडलंय.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. किल्ल्याच्या भोवतालचं पाणीही संरक्षित आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. त्याचं एकूण क्षेत्र २९ चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्त आणि त्यातला गाभ्याचा भाग तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्याखालचे खडक या गाभ्यात येतात. यावलच्या अभयारण्यात शिरताना आपण जसा आवाज खाली घेतो तसा इथे होडीत बसल्यावर घ्यायला हवा. पाणी दिसतं म्हणून ते वॉटर पार्क होत नाही.

आठ होड्या आणि एक श्वास

मागच्या हिवाळ्यात या पानाची आमची चार जणांची टोळी मालवणला गेली होती. सकाळी सातला डॉल्फिन बघायला निघालो. किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर लांबवर एक करडी पाठ वर आली आणि गेली. झालं! एका होडीतून शिट्टी वाजली, आमच्या नावाड्याने इंजिनाचा कान पिळला आणि पाहता पाहता आठ होड्या त्या जागेभोवती गोळा झाल्या. कुणी होडीच्या फळीवर थापा मारतंय, कुणी ‘ए इकडे, इकडे’ ओरडतंय, सगळ्यांचे मोबाइल वर. डॉल्फिन दुसऱ्या बाजूला निघाला की आठही होड्या तिकडे. पाऊण तास हा तमाशा चालला. आमच्याकडे बावीस व्हिडिओ जमले आणि बावीसही व्हिडिओंत फक्त पाणी आणि शेजारच्या होडीतल्या काकूंचा आवाज.

दुसऱ्या दिवशी चौकशी करून एक म्हातारे नावाडी शोधले. त्यांनी खाडीच्या तोंडापासून थोडं पुढे नेऊन इंजिन बंदच करून टाकलं. ‘गप बसा,’ म्हणाले. पंधरा मिनिटं काहीच नाही. आमच्यातला एक जण कुरकुरायला लागला, ‘काका, पैसे कशाचे घेताय?’ काका नुसते हसले. आणि मग होडीच्या डाव्या अंगाला आवाज आला. फुस्स! सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा. मग आणखी एक, जरा हलका. आई आणि पिल्लू होतं. पंचवीस-तीस पावलांवर दोघं वर आली, श्वास घेतला, वाकली आणि आत गेली. पुन्हा आली. कुरकुरणाऱ्याने मोबाइल खिशात घातला होता, हे आम्हाला नंतर आठवलं.

तो श्वास ऐकला की पुस्तकातलं वाक्य पहिल्यांदा खरं होतं: डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे. त्याला फुप्फुसं आहेत, दर काही मिनिटांनी हवेसाठी वर यावंच लागतं. पिल्लू आईचं दूध पितं. मालवणच्या बाजूला किनाऱ्यालगत दिसतो तो बहुधा कुबडा डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेला. हा खोल समुद्रात जात नाही, उथळ किनारी पाण्यातच सगळं आयुष्य काढतो. म्हणजे जिथे आपल्या होड्या, आपली जाळी, आपली गटारं, नेमकं तिथेच त्याचं घर. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ जिथे आहे तिथेच.

आता विचार करा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. डॉल्फिन आवाजानेच वाट काढतो, भक्ष्य शोधतो, एकमेकांना हाक मारतो. आठ होड्यांची आठ इंजिनं त्याच्याभोवती गोल फिरतात तेव्हा त्याला काय होत असेल? तुम्ही वर्गात डोळे बांधून उभे आहात आणि भोवती आठ डीजे लावलेत, तसंच काहीसं. त्यात श्वास घ्यायला वर यायचं म्हटलं तर वर पंखे फिरतायत. आई एकीकडे, पिल्लू दुसरीकडे.

उपाय अवघड नाही, आणि तो नावाड्यापेक्षा आपल्या हातात जास्त आहे. होडीत बसण्याआधीच सांगायचं: ‘काका, पाठलाग नको. लांबूनच दाखवा. नाही दिसला तरी ठरलेले पैसे देऊ.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नावाडी पाठलाग करतो कारण डॉल्फिन दिसला नाही तर गिऱ्हाईक भांडतं. जगात अनेक ठिकाणी निदान पन्नास मीटर अंतर ठेवायचा, घेरायचं नाही, समोरून आडवं जायचं नाही असा नियम आहे. तो पाळायला आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. आपल्याकडे पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरू नये, एवढं तर कळतंच.

पाण्याखालीही तेच. स्नॉर्कलिंग करताना दमलो म्हणून ज्या ‘दगडा’वर पाय टेकवतो तो दगड नसतो. ते प्रवाळ असतं, सूक्ष्म जिवांची वसाहत, जी फार हळू वाढते. आपल्या एका लाथेने तुटलेला तुकडा पुन्हा तेवढा व्हायला कित्येक वर्षं लागतात. आणि कुणी ‘आठवण म्हणून घेऊन जा’ म्हणत प्रवाळ विकायला आणलं तर सरळ पुढे चला. तेही कायद्याने संरक्षित आहे. घरच्या शोकेसमध्ये ते महिनाभर चमकेल, मग त्यावर आपल्या खान्देशी धुळीचा थर बसेल.

जिथे जाऊ नये असं बेट

मालवणहून दक्षिणेला वेंगुर्ला. तिथून समुद्रात आत, खडकांचा एक पुंजका आहे. वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड. एका बेटावर दीपगृह आहे. या खडकांच्या गुहांत भारतीय पाकोळ्या घरटी करतात. आपल्या लाळेने बांधलेली ही छोटी घरटी गुहेच्या भिंतीला चिकटलेली असतात. कुणाच्या तरी सूपासाठी परदेशात अशा घरट्यांना मोठी किंमत येते आणि त्यापायी इथली घरटी खरवडून नेण्याचे प्रकार झाले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी ती थांबवण्यासाठी बरीच खटपट केली. पक्षी अभ्यासक हुमायून अब्दुलाली यांनी १९४० च्या दशकातच या बेटांवरच्या पाकोळ्यांवर आणि सुरय पक्ष्यांवर लिहून ठेवलंय.

हे वाचून कुणाच्या तरी मनात आलं असेल, ‘भारी आहे, इथेच जाऊ!’ थांबा. हे बेट आम्ही मुद्दाम याच कारणासाठी सांगितलं. प्रत्येक सुंदर जागा आपल्या पायाखाली यायलाच हवी असं नाही. सिंधुदुर्ग माणसांनी माणसांसाठी बांधला, तिथे खुशाल जा. पण पाकोळ्यांच्या गुहेत आपलं काही काम नाही. घरट्यावरून पक्षी एकदा उठला की अंडं उघडं पडतं. तिथे जायचंच असेल तर अभ्यासक होऊन, परवानगी घेऊन, जाणत्यांच्या सोबत जा. नाहीतर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभं राहा, क्षितिजाकडे बघा आणि त्या खडकांत आत्ता काय चाललं असेल याचा विचार करा. ‘तिथे आहे’ एवढं माहीत असणं हेसुद्धा एक सुख असतं. सातपुड्यात, मुक्ताईनगरच्या वढोद्याच्या जंगलात वाघ आहे हे आपल्याला माहीत असतं. किती जणांनी पाहिलाय? तरी तो आहे म्हटल्यावर छाती फुगतेच ना!

कासवांचंही तसंच. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालून परत जाते. पुढे पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि आईबापांशिवाय समुद्राकडे धावत सुटतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी राखली जातात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही हे काम चालतं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात! तिला ना आरक्षण, ना वेटिंग लिस्ट. मार्चच्या सुमारास गेलात तर पिल्लं समुद्रात सोडताना दोरीच्या अलीकडे उभं राहून बघता येतं. टॉर्च आणि फ्लॅश मात्र बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आपला मोबाइल त्यांना वाट चुकवतो.

विहिरीतला पोहणारा

आता जरा कडू बोलतो. खान्देशातली पोरं पोहायला विहिरीत शिकतात. काठावरून मुटका मारायचा, तळाला जाऊन माती आणून दाखवायची. त्यामुळे ‘मला पोहता येतं’ हा आत्मविश्वास आपल्यात भरपूर. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, हात लांब केला की कठडा सापडतो. समुद्राचं पाणी जागेवर नसतं. किनाऱ्याला आलेलं पाणी परत आत जाताना एखाद्या पट्ट्यात जोराची ओढ तयार होते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. ही सगळी तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच हसत-खिदळत बसमधून उतरलेली मुलं होती. त्यांच्या घरी आजही फेब्रुवारी आणि एप्रिल येतो.

म्हणून नियम पाठ करा. स्थानिक माणूस ‘इथे उतरू नका’ म्हणाला की विषय संपला, त्याच्याशी वाद घालायचा नाही. ओहोटीच्या वेळी पाण्यात खेळायचं नाही. गुडघ्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर या, मग किनारा गाठा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि त्याचे पट्टे बांधा. फोटोत पोट मोठं दिसतं म्हणून उघडं ठेवलेलं जॅकेट आणि न घातलेलं जॅकेट यात काही फरक नाही. आणि प्यालेला मित्र पाण्यात जात असेल तर त्याला धरून बसवा. दोन दिवस अबोला धरेल, धरू दे.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळाही शिकून घ्या. घरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिला पाऊणपट करायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पुढची साधारण साडेबारा तासांनी. मुंबईच्या बाजूला हे बऱ्यापैकी जुळतं, खाली मालवणकडे वेळ थोडी अलीकडे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. हिशेब ढोबळ आहे, शेवटचा शब्द नावाड्याचाच. पण पावकी-निमकी पाठ असलेली आजी तुमच्यापेक्षा आधी भरतीची वेळ सांगेल, पैज लावा.

तिथल्या माणसांचं काय?

सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध पुढेही राहिला. आपल्याला वाटतं, निसर्ग वाचवायला विरोध कसला? पण ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते त्याला विचारा. उद्या जाळं टाकायला बंदी आली तर खायचं काय, ही त्याची भीती. यावल अभयारण्यातल्या पावरा, तडवी कुटुंबांना जंगलाबद्दल जे वाटतं तेच हे. आमचं मत स्पष्ट आहे. समुद्र राखायचा तर मच्छीमाराला बाजूला सारून राखता येणार नाही. जिथे गावाला विश्वासात घेतलं, जिथे कासव राखल्याने गावातल्या घरात दोन पैसे आले, तिथे काम टिकलं. वेळास हे त्याचं उदाहरण.

यात तुमचाही वाटा आहे. राहायचं तर गावातल्या घरगुती निवासात राहा, जेवायचं तर तिथल्या खानावळीत जेवा. मासे खात नसाल तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा, शेवभाजीची आठवण दोन दिवस येणार नाही. होडीचा दर ठरवताना घासाघीस करा, पण पन्नास रुपयांसाठी त्याला असं पिळू नका की त्याने दिवसाला चारऐवजी आठ फेऱ्या मारायला निघावं. स्वस्त फेरीची किंमत शेवटी डॉल्फिन भरतो.

जायचं कसं? मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावहून कल्याण, पनवेलमार्गे थेट कोकण रेल्वेवर जाते. धुळ्याच्या मंडळींना चाळीसगाव किंवा मनमाड गाठावं लागेल. मालवणसाठी कुडाळ, कणकवली ही जवळची स्टेशनं, पुढे एसटी. कुठली गाडी कुठे थांबते हे आधी बघून घ्या. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, तेव्हा जून ते ऑगस्टचा बेत करू नका.

आणि कॉलेजांनाही एक विनंती. सातजणांच्या ग्रुपमध्ये मुली किती असतात? बहुतेक वेळा शून्य. ‘आम्हालाही जायचंय, पण घरून सोडत नाहीत,’ हे वाक्य आम्हाला या पानाच्या पत्रांत सारखं वाचायला मिळतं. बाप ‘ना बरं’ म्हणतो त्याला कारणं असतात, पण त्या कारणांपायी अर्ध्या वर्गाने समुद्र बाटलीतच बघायचा का? प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास, कुठल्याही विभागाने अभ्यास सहल काढली, सोबत दोन मॅडम दिल्या, पालकांची एक बैठक घेतली, तर घरच्या घरी होणारी निम्मी भांडणं मिटतात. सहलीला सोबत भरतीचं वेळापत्रक आणि प्रत्येकाच्या अंगाला लाइफ जॅकेट, एवढी शिस्त मात्र सक्तीची. अपघाताच्या भीतीने सहलच बंद करणं सोपं असतं. नीट नेऊन नीट आणणं हे शिक्षण.

परत आल्यावर

ज्यांना या वर्षी जमणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. भुसावळजवळ तापी-पूर्णेच्या पाण्यावर हतनूरचं धरण आहे. हिवाळ्यात पहाटे तिथे जा. हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक जोडीजोडीने बसलेले दिसतील. पाण्यावर घिरट्या घालून एकदम सूर मारणारा नदी सुरय दिसेल, वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या सुरयांचा नात्यातला. इथेही नियम तेच: लांब राहा, गप बसा, वाट बघा. ज्याला हतनूरला अर्धा तास शांत बसता आलं त्याला मालवणला डॉल्फिन दिसणार, हे आम्ही लिहून देतो.

आणि जे जाऊन येतील त्यांनी आल्यावर एक काम करावं. लॅबमधल्या त्या कपाटापुढे पुन्हा एकदा उभं राहावं. किनाऱ्यावरून आपणही एक तारामासा उचलून आणावा असा मोह तिथे झाला असेल, तो टाळलात याबद्दल स्वतःची पाठ थोपटावी. मग वही काढावी आणि जे पाहिलं ते लिहावं: किती वाजता, कुठल्या तिथीला, किती अंतरावर, वर येऊन किती वेळाने परत आत गेला. बरणीवरच्या चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पुढच्या वर्षी एफवायची पोरं विचारतील, ‘दादा, डॉल्फिन खरंच दिसतो का?’ तेव्हा व्हिडिओ शोधत बसू नका. फक्त तो आवाज काढून दाखवा. फुस्स!